घरचं कापड

पेणच्या बाजारात माझी बारदानाची वखार होती. बारदान म्हणजे रिकामी पोती. गिरणीतून, किराणावाल्यांकडून, रेशनच्या दुकानातून जुनी गोणपाटं उचलायची, झटकायची, फाटकी असतील ती दाभणाने शिवायची आणि मिठागरवाल्यांना नाहीतर जोहे गावच्या गणपती-मूर्तीवाल्यांना विकायची. बापाने मला काही ठेवलं नाही, भांडवल म्हणून फक्त तोंड होतं, आणि ते मी भरपूर वापरलं. या माणसाशी घासाघीस करण्यापेक्षा मांजराच्या तोंडातला बोंबील काढणं सोपं, असं बाजारात म्हणत. ते ऐकून मला बरं वाटायचं.

बायको रोह्याची. ती गोधड्या शिवायची. पोटासाठी नाही, हौस म्हणून. दुपारची भांडी आटोपली की पडवीत कापडं अंथरायची, ती सरकू नयेत म्हणून काठावर वरवंटा ठेवायची आणि बसायची. कडेपासून सुरुवात करून धावदोरा घालत, चौकोनात चौकोन आवळत मध्यापर्यंत यायची. मधे तळहाताएवढी जागा उघडी राहिली की त्यात चिमूटभर तांदूळ टाकायची आणि मग शेवटचे टाके. "उपाशी गोधडी माणसाला ऊब देत नाय," म्हणायची. ही रीत तिच्या आईची.

तिचा नियम एकच होता. ज्याला गोधडी हवी त्याने आपल्या घरचं जुनं कापड स्वतः आणून द्यायचं. विकतचं नको, दुसऱ्याच्या घरचं नको, आणि ती स्वतः कुणाकडे मागायला जाणार नाही. पडवीत एक खुंटी होती. ती घरात नसली तर लोक आपलं बोचकं त्या खुंटीला अडकवून जात. ती यायची, बोचकं सोडायची, कापड नाकाशी नेऊन बघायची आणि कुणाच्या घरचं ते ओळखायची. मेलेल्या सासवांची लुगडी, आजोबांची धोतरं, पोरांची झबली. सगळी आळी आमच्या खुंटीला लटकलेली असायची.

मला घरात शिरायला वाट नसे. पाय उचलला की आतून आवाज यायचा.

"अवो, तिकडून या, तिकडून. तिथं शेजारच्यांची आजी हाय."

"आणि मी कुठून जाऊ? कौलांवरून?"

"जा की. कोण अडवतंय."

या कामाचे ती पैसे घेत नसे. लोक फणस आणून देत, कुणी वाटीभर सुके सोडे, कुणी पोह्याचे पापड. माझं डोकं फिरायचं. एकेका गोधडीपायी ती पाठ मोडून घ्यायची आणि मोबदला काय, तर फणस! मी म्हणायचो, "तुला भाव सांगायला लाज वाटत असेल तर मी सांगतो." ती दोरा दातांनी तोडत म्हणायची, "मी येते का तुमच्या वखारीत भाव सांगायला?" बाजारात कोणी मला गप्प केलेलं नाही, पण घरात रोज व्हायचं.

आता माझी तक्रार सांगतो. पेणमध्ये आणि रोह्यात जिकडेतिकडे लोक माझ्या बायकोच्या गोधड्यांत झोपत होते. दोन्ही मुली सासरी जाताना एकेक घेऊन गेल्या, त्यांच्या लहानपणीच्या फ्रॉकांच्या आणि हिच्या साड्यांच्या. तिची स्वतःची एक होती, तिच्या आईच्या लुगड्यांची. माझी नव्हती. मी आयुष्यभर सोलापुरी चादर पांघरली, तीही मीच एका डागी लॉटमधून आणलेली.

कधी विषय निघालाच नाही असं नाही. एकदा मी सदरा अंगात घालत होतो, कोपरावर विरलेला. ती म्हणाली, "हा काढा आता. मला द्या."

"अजून दोन पावसाळे जाईल."

"मग दोन पावसाळ्यांनी द्या."

दोन पावसाळे झाले, सदरा फाटला, आणि वखारीत वजनकाटा पुसायला एक फडकं हवं होतं. ती डबा घेऊन आली तेव्हा तिने ते फडकं बघितलं. डबा काट्याशेजारी ठेवला आणि परत गेली. माझं म्हणणं एवढंच, की नवऱ्याचा सदरा बायकोने हातात मिळायची वाट का बघावी? पेटी उघडायची, हवा तो काढायचा आणि शिवायचा. चोरी थोडीच होती? पण नाही. परक्यांना आणि नवऱ्याला एकच माप.

गणपती गेल्यावर ती तापाने पडली. ताप उतरला, परत चढला, आणि दसऱ्याच्या आधी ती गेली. आमच्याकडे माणसाच्या अंगावरचं शेवटचं पांघरूण घरात ठेवत नाहीत. भावकीतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "ही गोधडी तिच्यासोबतच द्यायची ना?" मी मान हलवली. कुठल्याही गोष्टीला उलट न विचारता हो म्हणायची माझी ती पहिलीच वेळ. तिच्या आईची लुगडी आणि तिचे टाके तिच्यासोबत जळून गेले. थंडी पडू लागली आणि एक दिवस मला कळलं, की तिच्या हातचा एक टाकासुद्धा माझ्या घरात उरलेला नाही.

मग मी माझ्या धंद्याला शोभेलसं केलं. विकत घ्यायला निघालो.

आमच्या आळीत पापड लाटणारी एक बाई होती. तिच्याकडे दोन नवी कोरी ब्लँकेटं घेऊन गेलो.

"ही दोन घे, हिच्या हातची ती गोधडी दे."

"नाय भाऊ. माझ्या सासूचं लुगडं हाय त्यात."

"सासूशी तुझं उभ्या जन्मात पटलं नाही. सगळ्या आळीला माहीत आहे."

"नव्हतं पटत. म्हणून काय विकू तिला?"

तिने मला चहा दिला आणि ब्लँकेटं माझ्या मांडीवर परत ठेवली.

थोरल्या मुलीकडे नागोठण्याला गेलो. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही राहायलाच या इथे. रोज पांघरा. पण न्यायची नाही. त्यात माझे शाळेचे फ्रॉक आहेत."

"त्या फ्रॉकांचे पैसे मी दिले होते."

"मग उसवून नेता का?"

तिचा स्वभाव माझ्यावर गेलाय. मी न जेवता तिथून निघालो. धाकटीकडे गेलोच नाही.

असा सगळीकडून हात हलवत परतलेला असताना एक दिवस बायकोची लहानपणची मैत्रीण रोह्याहून आली. दोघींचं माहेर एकाच आळीतलं. तिचा नवरा तिकडच्या कंपनीत शिफ्टला जायचा, तो दोन वर्षांपूर्वी वारला होता. ती ओट्यावर बसली, पाणी प्याली, रडली आणि डोळे पुसून म्हणाली, "भाऊजी, माझी गोधडी तिच्याकडं राहिलीय. अर्धीच झाली असंल."

मला काहीच माहीत नव्हतं. माळ्यावर चढलो. माझ्याच वखारीतल्या एका पोत्यात नीट गुंडाळून ठेवलेली होती. वरून हिरवं लुगडं, आतून कंपनीचे निळे शर्ट उसवून जोडलेले. कडेचे चौकोन भरत आले होते, मधला अर्धा भाग मोकळा होता. आणि जिथे काम थांबलं होतं तिथे सुई तशीच टोचलेली, नेढ्यात पांढरा दोरा.

मी ती घडी घेऊन खाली आलो आणि म्हणालो, "ही मिळायची नाही."

"म्हंजे?"

"तुला दुसऱ्या दोन घेऊन देतो. तयार, जाड, हव्या त्या रंगाच्या. ही राहू दे."

"आवो, माझ्या आयचं लुगडं हाय ते! नी आतले शर्ट माझ्या माणसाचे हायत. पोर सातव्या महिन्यात हाय, बाळंतपणाला माझ्याकडं येतेय. तिच्या बापानं नातवंड बघितलं नाय. निदान त्याच्या शर्टावर तरी निजू दे ते."

मी भाव वाढवत गेलो. ब्लँकेटं, गादी, बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांचा सगळा खर्च. शेवटी तिने दाराजवळ पडलेली माझी सुतळी कापायची कात्री उचलली आणि माझ्यापुढे ठेवली.

"बरं. टाके तुमच्या बायकोचे, ते तुमचे. उसवून घ्या. कापड माझं, ते माझं मला द्या. झाला न्याय?"

इतकी वर्षं मी बाजारात बसलो, पण असा भाव मला कोणी सांगितला नव्हता. मी कात्रीला हात लावला नाही. मग एक शेवटचा डाव म्हणून बोललो, "अर्धवट नेऊन काय करशील? मी पुरी करून देतो."

ती पहिल्यांदा हसली. "तुम्ही? दाभणानं?"

"पोती शिवतोच की."

"माझं नातवंड पोत्यात नाय भरायचं, भाऊजी."

पण तिने त्या टोचलेल्या सुईकडे बघितलं आणि पदर खोचत उठली. "पोर घरी येईस्तोवर ठेवा. पण लबाडी केलीत तर रोह्याहून येऊन वखारीसमोर बसंन. मग बोंबलत बसा."

गोधडी मी वखारीत नेली. तेव्हा प्लॅस्टिकची पोती आली होती, गोणपाटाला कोणी विचारत नव्हतं, दिवसभर वेळच वेळ होता. गठ्ठ्यांच्या मधे जमिनीवर चटई टाकून मी बसायचो. तिचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, सगळे एका मापाचे. माझा टाका पोत्याच्या तोंडाचा, एक लांब, एक आखूड, एक कुठेतरी भलतीकडेच. हमाल दारात उभा राहून म्हणाला, "शेठ, आता बाळंतविडा करायचं दुकान काय?" मी त्याला सुतळीचा गुंडा फेकून मारला. त्याने तो झेलला आणि हसत निघून गेला.

तिने ओवलेल्या दोऱ्यानेच मी सुरुवात केली होती. तो संपला तेव्हा मी उठलो, रस्त्यापर्यंत जाऊन आलो आणि मगच दुसरा ओवला.

शिवताना तिच्या टाक्यांवरून बोट फिरवायची सवय लागली. कुठे टाके अगदी दाट होते, कुठे थोडे सैल. सैल असतील तिथे ती कुणाशी बोलत असणार असं मला वाटायचं. एके ठिकाणी ती चुकली होती आणि उसवून परत घातलं होतं, कापडाला भोकं दिसत होती. मी समोर उभा राहून भांडलो असेन, दुसरं काय. चौकोन लहान लहान होत गेले. बाहेरच्या चौकोनाला दिवस जायचा, आतल्याला घटका पुरायची. मी काम लांबवायला लागलो. कधी सुई ओवून नुसता बसायचो. गोधडी पुरी झाली की ती माझ्याकडे राहणार नव्हती.

रोह्याहून निरोप आला, पोर घरी आली.

मधली तळहाताएवढी जागा उरली होती. आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. बारदानाचा गठ्ठा बांधताना वरखाली चांगली पोती लावायची आणि फाटकी मधे घालायची. गिऱ्हाईक वरचं बघतं, खालचं बघतं, मधलं कोण उलगडत बसतो? मी पेटीतला माझा पांढरा सदरा काढला, एक बाही कापली, घडी करून त्या उघड्या जागेत सारली. वर चिमूटभर तांदूळ टाकले. आणि टाके घातले, जमतील तेवढे बारीक. तिच्या गोधडीत शेवटी मी शिरलो. कुणाच्या का घरात असेना.

एसटीने रोह्याला निघालो. घडी मांडीवर घेतली होती. गडबच्या थांब्यावर एक माणूस चढला आणि म्हणाला, "काका, ते वर ठेवा की, बसायला जागा होईल." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो नागोठण्यापर्यंत उभाच राहिला.

मैत्रिणीने दारातच घडी घेतली आणि आतल्या खोलीत जमिनीवर उलगडली. तिची मुलगी भिंतीला टेकून पाय लांब करून बसली होती. मैत्रीण गुडघ्यांवर बसली आणि कडेपासून तळहात फिरवू लागली. बायकोच्या टाक्यांवर तिचा हात हळू झाला. माझे टाके लागले तशी म्हणाली, "हे काय, भाताची लावणी केलीत काय? नी तीबी दारू पिऊन?"

मुलगी हसली. मीही हसलो. मग तिचा हात मधे आला आणि थांबला.

"इथं काय हाय?"

"तांदूळ."

"तांदूळ मला कळतात, भाऊजी. कापड हाय. आमचं नाय."

गिऱ्हाइकाने मधलं उलगडलं की व्यापारी आवाज चढवतो. मीही चढवला. "तिनेच घातलं असेल. मला काय ठाऊक?"

"तिच्या टाक्यांत नाय ते, तुमच्या टाक्यांत हाय."

"असंल तर असू दे गो, आये," मुलगी म्हणाली.

"तू गप." मग ती माझ्याकडे वळली आणि तिचा आवाज उतरला. "सदऱ्याचं हाय ना? ती मला म्हणायची, माझ्या माणसाची गोधडी मी सगळ्यात जाड करणार. पण त्यानं आपल्या हातानं सदरा खुंटीला लावला की मगच. वाट बघत होती ती."

"मग मागायचा होता!" मी ओरडलोच.

"मागितला होता की. दोन पावसाळे म्हणालात."

म्हणजे ही गोष्ट रोह्यापर्यंत पोचली होती. माझ्या घरात ज्यावर परत कुणी शब्द काढला नाही, ते इथे माहेरच्या आळीत बसून बोललं गेलं होतं.

तिने सुई घेतली आणि मधले टाके एकेक करून उसवले. मी घट्ट घातले होते, तिला वेळ लागला. बाही बाहेर आली तसे तांदूळ जमिनीवर सांडले. मुलीला वाकता येत नव्हतं तरी ती हात लांबवून दाणे वेचू लागली. मैत्रिणीने बाही झटकली, मांडीवर सरळ केली आणि माझ्या हातात दिली.

"रागावू नका. पोर मोठं होऊन इचारील, आजी, हे कुणाचं कापड, तर काय सांगू? आमच्या घरात तुमचं कापड कशाला? नी तुम्ही जिते हाव. तुमचं कापड तुमच्या घरात पांघरायचं."

"माझ्या घरात शिवणार कोण?"

तिने मुलीकडून वेचलेले दाणे घेतले, परत मधे टाकले आणि उघडी जागा शिवून टाकली. गाठ मारून दोरा दातांनी तोडला, अगदी माझ्या बायकोसारखा. दोघींना शिकवणारा हात एकच असणार. मला जेवायला आग्रह झाला, मी थांबलो नाही. दारात ती म्हणाली, "बारशाला या. नी गोधडी बघायला कधीबी या. न्यायला मात्र येऊ नका." मी मागे वळलो नाही. पण बारशाला गेलो. बाळ त्या गोधडीवर उताणं पडून पाय झाडत होतं, नेमकं मधे, माझ्या वेड्यावाकड्या टाक्यांवर. मी वाकून कडेच्या टाक्यांवर बोट फिरवलं आणि हातावर पेढा घेऊन निघालो.

पण हे नंतरचं. त्या दिवशी घरी पोचलो तेव्हा ऊन अजून पडवीत होतं. ती गेल्यापासून खुंटीला काही अडकलं नव्हतं. नुसता लाकडाचा तुकडा, बोचक्यांच्या गाठींनी गुळगुळीत झालेला. खिशातून बाही काढली. एक तांदळाचा दाणा घडीत राहिला होता, आणि कडेला माझ्या सुईची भोकं. मी पेटी उघडली. ज्याची बाही कापली होती तो सदरा काढला, त्याच्याखालचे आणखी दोन जुने काढले, एक धोतर काढलं. सगळं एका फडक्यात घातलं, वर ती बाही ठेवली आणि बोचकं बांधून खुंटीला अडकवलं. अजून ते तिथेच आहे. मुली आल्या की काढायला बघतात, मी हात लावू देत नाही.

गाठ मारताना मला बायकोचा रागच आला होता, खोटं कशाला सांगू. एवढंच करायचं होतं. बोचकं बांधायला किती वेळ लागला, पान लावण्याइतकासुद्धा नाही. दोन पावसाळ्यांनंतर एकदा, फक्त एकदाच, तिने परत मागायला काय हरकत होती?